आठ सेकंदांच्या अलीकडे आणि पलीकडे

ईसीटी म्हणजे भूल देऊन, डोक्यातून वीज सोडून मुद्दाम आकडी आणण्याचा मनोविकारांवरचा उपचार. त्याच्या यंत्रातून वीज जाते ती जास्तीत जास्त आठ सेकंद. मनोविकार विभागात नव्याने आलेल्या निवासी डॉक्टरांचा सगळा जीव मात्र त्या आठ सेकंदांतच अडकलेला असतो. बटण कधी दाबायला मिळणार, हा पहिल्या आठवड्यातला ठरलेला प्रश्न. आमच्याकडे त्यांच्या हातात आधी येतो तो कापसाचा बोळा. उपचार फसतो तो यंत्रामुळे फार क्वचित. बहुतेक वेळा तो फसतो पेशंटच्या तेलकट कानशिलावर, नाहीतर आदल्या संध्याकाळच्या औषधांच्या चार्टवर.

ईसीटीसाठी पेशंट येतात ते साधारण ठरावीक वाटांनी. तीव्र नैराश्य, त्यात खाणंपिणं सुटलेलं किंवा आत्महत्येचा धोका टांगलेला. नैराश्याच्या जोडीला भ्रम. औषधांना दाद न देणारा उन्माद. क्लोझापिन देऊनही न हटणारा स्किझोफ्रेनिया. आणि कॅटाटोनिया, म्हणजे माणूस अक्षरशः गोठून जातो, हात उचलून ठेवला तर तसाच राहतो. शेवटच्या प्रकारात आधी लोराझेपॅम १ ते २ मिलिग्रॅम देऊन पाहतात. बरेच जण त्यावर मोकळे होतात. जे होत नाहीत, त्यांच्यासाठी ईसीटी लांबवण्यात शहाणपण नाही.

पूर्ण मज्जाव असा कुठल्याच आजारात नाही, पण मेंदूतला वाढलेला दाब, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, रक्तवाहिनीवरचा फुगवटा आणि अॅड्रेनल ग्रंथीची फिओक्रोमोसायटोमा ही गाठ दिसली की ईसीटीची तयारी तिथेच थांबते आणि संबंधित तज्ज्ञांशी बोलणं सुरू होतं.

संमतीच्या बैठकीत नातेवाईक बहुधा एकच शब्द उच्चारतात, ‘शॉक’. त्यामागे जुनं चित्र असतं आणि ते अगदीच खोटं नाही. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी ही पद्धत सुरू केली तेव्हा भूल नव्हती, स्नायू सैल करणारं औषध नव्हतं. आकडीच्या जोराने मणके मोडत. स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलिन १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आलं आणि अस्थिभंगाचा प्रश्न जवळजवळ मिटला. हे सांगितलं की समोरच्यांचे खांदे जरा खाली येतात. पण त्याच बैठकीत स्मरणशक्तीबद्दलही सरळ बोलावं लागतं. उपचाराच्या आठवड्यांमधल्या आणि त्याआधीच्या काही महिन्यांतल्या आठवणी पुसट होऊ शकतात, आणि त्यातल्या काही परत येत नाहीत. नवं लक्षात ठेवण्याची क्षमता बहुतेकांची काही आठवड्यांत पूर्ववत होते. ‘काही होत नाही हो’ असं म्हणून सही घेणारा रेसिडेंट पुढे महिनाभर त्याच वाक्याची उत्तरं देत बसतो. सही पूर्ण मालिकेसाठी असली तरी पेशंट कुठल्याही दिवशी नको म्हणू शकतो, आणि तोही मजकूर कागदावर असतो.

तपासण्यांमध्ये ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर, सोडियम-पोटॅशियम, आणि दात. दात पाहायला सगळे विसरतात. हलणारा एक दात पुढे श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून नवा डॉक्टर प्रत्येक दात बोटाने हलवून पाहतो आणि कुठला सैल आहे ते आकृतीवर खूण करून ठेवतो. आठवडे-आठवडे हालचाल न केलेल्या कॅटाटोनियाच्या पेशंटमध्ये आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक, पायात रक्ताची गुठळी आहे का. दोन, सक्सिनिलकोलिन द्यायचं की नाही. निपचित पडून राहिलेल्या स्नायूंमधून ते औषध पोटॅशियम भसकन बाहेर सोडतं आणि हृदय बंद पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. अशा वेळी भूलतज्ज्ञ स्नायू सैल करणारं दुसरं औषध, रोक्युरोनियम, वापरतात आणि त्याचा उतारा म्हणून सुगामाडेक्स हाताशी ठेवतात.

आता आदल्या संध्याकाळचा चार्ट. इथे घाई केली की सकाळ वाया गेलीच म्हणून समजा. झोपेसाठी सहज लिहिलेली क्लोनाझेपॅमची गोळी आकडी येण्याची मर्यादा, म्हणजे त्यासाठी लागणारी किमान वीज, वर ढकलते; सकाळी झटका देऊनही आकडी येत नाही, किंवा दहा-बारा सेकंदांत विझते. व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन यांचंही तेच. मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी ती चालू असतील तर आदल्या रात्रीचा आणि सकाळचा डोस वगळतो. मिरगीसाठी चालू असतील तर मात्र हात लावत नाही, डोस चालू ठेवून विजेचं प्रमाण वाढवतो. लिथियमचा आदल्या रात्रीचा डोस टाळतो, कारण रक्तातली पातळी चढी असली की उपचारानंतरचा गोंधळ तासन्‌तास रेंगाळतो. थिओफिलिन दम्यासाठी चालू आहे का, हे मुद्दाम विचारायचं. त्याने आकडी लांबते, कधी थांबतच नाही. उलट रक्तदाबाची आणि आम्लपित्ताची सकाळची गोळी पाण्याच्या एका घोटाबरोबर द्यायची. ‘उपाशी आहे’ म्हणून सिस्टरने सगळ्याच गोळ्या थांबवल्या, आणि आकडीनंतर बीपी २०० पार गेलं, हा प्रसंग टाळता येण्यासारखा आहे. म्हणून चार्टवर नुसतं ‘एनपीओ’ (तोंडाने काही द्यायचं नाही) लिहून भागत नाही. कुठली गोळी द्यायची, कुठली नाही, हे नावानिशी लिहावं लागतं.

कॅटाटोनियात अडचण दुहेरी असते. लोराझेपॅम बंद करता येत नाही आणि त्याच्यासह आकडी येत नाही. मार्ग आहे फ्लुमाझेनिल. भूल चढल्यावर, झटक्याच्या थोडं आधी शिरेतून ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम दिलं की लोराझेपॅमसारख्या बेन्झोडायझेपिन औषधांचा परिणाम तेवढ्यापुरता बाजूला होतो. आकडी संपल्यावर नेहमीचा डोस परत सुरू करायचा, नाहीतर दुपारी तोंड मिटून पडलेला पेशंट पुन्हा पाहायची तयारी ठेवायची.

सकाळी घन आहार बंद होऊन किमान सहा ते आठ तास झालेले असावेत, स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध घातलेलं काहीही पाण्यात मोजायचं नाही. लघवी करून यायचं, कवळी, चष्मा, श्रवणयंत्र, केसांच्या पिना, नखांचं पॉलिश काढायचं. श्रवणयंत्र अगदी शेवटी काढतो. ऐकू न येणाऱ्या माणसाला अनोळखी टेबलावर झोपवून मास्क लावला तर तो घाबरणारच. केस आदल्या दिवशी धुतलेले आणि कोरडे हवेत. तेल लावलेलं असेल तर पुढची दहा मिनिटं आमची गेली.

इलेक्ट्रोड लावण्याचं काम जरा जवळून सांगतो, कारण सगळं इथे आहे. उजव्या बाजूच्या ईसीटीत एक इलेक्ट्रोड उजव्या कानशिलावर येतो. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या छिद्रासमोरच्या उंचवट्यापर्यंत रेघ कल्पायची, तिचा मध्य काढायचा आणि तिथून साधारण तीन सेंटिमीटर वर. दुसरा टाळूच्या माथ्याला लागून जरा उजवीकडे. माथा म्हणजे नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडापर्यंतची रेघ आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतची रेघ जिथे छेदतात तो बिंदू. नवखे डोळ्यांनी अंदाज घेतात आणि हमखास पुढे सरकतात. मग दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर कमी होतं आणि वीज मेंदूत शिरण्याऐवजी कातडीवरूनच एका टोकाहून दुसऱ्याकडे पळते. म्हणून बोटाने चाचपून, मोजपट्टी लावून खूण करायची सवय लावतो. दोन्ही कानशिलांवर लावायचे असतील तर तोच तीन सेंटिमीटरचा हिशेब दोन्ही बाजूंना.

कातडी आधी सलाईनने ओल्या केलेल्या बोळ्याने घासून पुसायची, तेलकटपणा असेल तर स्पिरिटने, आणि स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं. ओलं स्पिरिट, शेजारी ऑक्सिजनचा मास्क आणि सैल इलेक्ट्रोडवर उडालेली ठिणगी यांचं जमलं तर पेशंट भाजतो. डोक्याच्या बिंदूवर केस भांग पाडल्यासारखे दोन बाजूंना सारायचे, जेल मुळापर्यंत पोचवायचं आणि धातूची चकती हाताने दाबून धरायची. जेल भरपूर असावं, पण एका इलेक्ट्रोडपासून दुसऱ्यापर्यंत त्याचा ओघळ गेला तर वीज त्याच वाटेने जाते. मग यंत्राची चाचणी घ्यायची. स्थिर अवरोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, ३,००० ओहमच्या आत हवा. आकडा जास्त आला तर पुन्हा पुसा, पुन्हा दाबा. तो संशयास्पदरीत्या फारच कमी आला तर ओघळ शोधा. ‘चालेल’ म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो, विशेषतः बाहेर अजून चौघे उपाशी बसलेले असताना.

भूल हलकी असते. प्रोपोफॉल किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम, थायोपेंटोन २ ते ३, किंवा एटोमिडेट ०.१५ ते ०.३. प्रोपोफॉलने आकडी आखूड होते, एटोमिडेटने लांबते. आकडी सारखी तोकडी पडत असेल तर वीज वाढवण्याआधी भूलतज्ज्ञांशी हे बोलून पाहावं. पेशंट झोपला की एका पायाच्या घोट्यावर बीपीचा पट्टा बांधून वरच्या बीपीच्या बऱ्याच वर फुगवतो, मगच सक्सिनिलकोलिन किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅम. पट्ट्यामुळे औषध त्या पावलापर्यंत पोचत नाही. बाकीचं अंग शांत असताना ते एकटं पाऊल आकडी दाखवतं. उजव्या बाजूच्या ईसीटीत पट्टा उजव्याच पायाला, म्हणजे आकडी मेंदूच्या दुसऱ्या अर्ध्यातही पसरल्याचं कळतं. गुठळीची शंका असलेल्या पायाला पट्टा बांधायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

सक्सिनिलकोलिन दिल्यावर बारीक थरथर चेहऱ्यापासून निघते आणि मिनिट-दीड मिनिटात पायांच्या बोटांपर्यंत उतरते. पिंढरीतली थरथर थांबेपर्यंत हात बटणापासून दूर. या वेळात मास्कने शुद्ध ऑक्सिजन देत जरा जलद श्वास चालू ठेवायचा. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरला की आकडी सोपी येते आणि चांगली टिकते. यासारखी फुकटची मदत दुसरी नाही, तरी गडबडीत सगळ्यांत आधी तीच राहून जाते.

मग दातांमध्ये रबरी ठोकळा, आणि हनुवटी हाताने वर दाबून धरायची. इथे विद्यार्थी हमखास चुकतो. स्नायू सैल केलेत, मग ठोकळा कशाला, असा त्याचा तर्क. पण कानशिलाखालच्या स्नायूला वीज थेट लागते. औषधाने मज्जातंतूचा निरोप अडवलेला असतो, स्नायू स्वतः आकसायचा थांबलेला नसतो. जबडा त्या काही सेकंदांत करकचून मिटतो. जीभ मध्ये राहिली तर फाटते.

विजेचा हिशेब सोपा आहे, तरी तोंडपाठ करून घेतो. विद्युत्भार म्हणजे प्रवाह गुणिले स्पंदाची रुंदी गुणिले वारंवारितेची दुप्पट गुणिले वेळ. ०.९ अँपिअर, ०.५ मिलिसेकंद, ७० हर्ट्झ आणि ८ सेकंद घेतले तर ५०४ मिलिकूलोम. अनेक यंत्रांची वरची हद्द हीच. पहिल्या दिवशी मर्यादा शोधायची असते. २५ मिलिकूलोमपासून सुरुवात, आकडी नाही आली तर वीस-तीस सेकंद थांबून ५०, मग १००. वीस-तीस सेकंद थांबायचं ते यासाठी, की कधी कधी आकडी उशिरा उगवते. आकडी न आणणाऱ्या झटक्याने हृदयाचे ठोके मंदावतात, काही सेकंद थांबतातही, कारण ठोके मंदावणारी व्हेगस ही नस चेतते आणि तिला तोलणारी आकडी येत नाही. त्यामुळे मर्यादा शोधण्याच्या दिवशी ग्लायकोपायरोलेट किंवा अॅट्रोपिन आधीच दिलेलं बरं.

मर्यादा ५० निघाली तर पुढच्या वेळी दोन्ही बाजूंच्या पद्धतीत तिच्या दीड ते अडीच पट, आणि फक्त उजव्या बाजूच्या पद्धतीत सहा पट, म्हणजे ३०० मिलिकूलोम. सहा पट ऐकून दचकायला होतं. पण सॅकीम आणि सहकाऱ्यांच्या १९९३ सालच्या अभ्यासात उजव्या बाजूने जेमतेम मर्यादेइतकी वीज दिलेल्यांपैकी १७ टक्केच सुधारले, तर दोन्ही बाजूंनी तेवढ्याच हिशेबाने दिलेल्यांपैकी ६५ टक्के. आकडी दोघांनाही नीट आली होती. नुसती आकडी आली म्हणजे उपचार झाला, ही समजूत तिथे मोडली.

बटण दाबल्यावर घड्याळ एकाकडे, पाऊल दुसऱ्याकडे, मेंदूतल्या विजेच्या लाटा टिपणारी ईईजीची पट्टी तिसऱ्याकडे. पट्टीवर आधी बारीक, जलद लाटा, मग उंच टोकदार टोकांची गर्दी, मग टोक आणि संथ लाट अशी जोडी जरा जरा मंदावत जाते, आणि चांगल्या आकडीत शेवटी रेघ एकदम सपाट होते. पाऊल हलायचं आधी थांबतं, ईईजी त्यानंतर काही सेकंदांनी. पावलात वीसेक सेकंद आणि ईईजीवर पंचवीस-तीस सेकंद आकडी दिसली तर ठीक. यंत्र शेवटी स्वतः छापतं त्या आकड्यावर विसंबू नये. सपाट रेघेवर ईसीजीचे ठोके डोकावतात, स्नायूंची खरखर उमटते, आणि यंत्र तिलाच आकडी समजून ४५ ऐवजी ९० सेकंद छापून मोकळं होतं. नाडीकडे पाहायचं. आकडीत चढलेले ठोके आकडी संपताच झपकन उतरतात.

आकडी १२० सेकंदांपुढे गेली तर वाट पाहत बसायचं नाही, भूलतज्ज्ञ प्रोपोफॉल किंवा मिडाझोलॅम देऊन ती थांबवतात. पाऊल स्थिर आहे म्हणून संपली असं धरून ईईजी काढून टाकला, तर ही लांबलेली आकडी कुणाला दिसतही नाही. उलटी अडचण तोकड्या आकडीची. मालिका पुढे जाते तशी मर्यादा आपोआप वर सरकते, त्यामुळे पाचव्या-सहाव्या खेपेला आखूड आकडी येणं नवलाचं नाही. पण वीज वाढवण्याआधी चार्ट, भुलेचा डोस, श्वास आणि अवरोध या चार गोष्टी याच क्रमाने तपासायच्या. भूल दिल्यापासून झटक्यापर्यंत किती सेकंद गेले तेही लिहितो. आठवडाभराच्या नोंदी शेजारी ठेवल्या की आखूड आकड्या कुठल्या टेबलावर आणि कुणाच्या घाईत येतात ते आपसूक दिसतं.

जाग येण्याची खोली शांत हवी आणि तिथे एक सिस्टर फक्त त्याच पेशंटसाठी. स्वतःचं नाव, ठिकाण, वय, जन्मतारीख आणि वार हे पाच प्रश्न दर पाच मिनिटांनी, पाचपैकी चार बरोबर येईपर्यंत. हा वेळ मिनिटांत लिहून ठेवायचा. आम्ही त्याला कंटाळवाणं काम समजत नाही, कारण जाग उशिरा येण्याचा आणि पुढे जुन्या आठवणी जास्त जाण्याचा संबंध आहे. वेळ वाढत चालला तर दोन सत्रांमधलं अंतर वाढवायचं, दोन्ही बाजूंवरून उजव्या बाजूवर यायचं, किंवा स्पंदाची रुंदी कमी करायची. काही जण उठताना हातपाय झाडतात, ओरखडतात. पुढच्या वेळी आकडी संपताच थोडं प्रोपोफॉल किंवा मिडाझोलॅम दिलं की ते शांत उठतात. डोकेदुखीला पॅरासिटामोल, आणि पहिल्या खेपेनंतर अंग ठणकलं तर सक्सिनिलकोलिनच्या त्या थरथरीची आठवण काढायची.

साधारण आठवड्यातून दोन-तीनदा, सहा ते बारा खेपा. बारा हा आकडा कोटा नाही. लागोपाठ दोन मोजण्यांत सुधारणा पुढे सरकली नाही तर थांबायचं.

मोजणी हा वेगळाच विषय आहे आणि विद्यापीठाच्या विभागात संशोधनाचं काम इथूनच सुरू होतं. नैराश्यासाठी माँटगोमेरी-आस्बर्ग मापनी, दहा बाबी, शून्य ते साठ गुण. कॅटाटोनियासाठी बुश-फ्रान्सिस, तिच्या तेवीस बाबींपैकी पहिल्या चौदा चाळणीच्या. मापनी झटक्याच्या दिवशी भरायची नाही, चोवीस तास तरी जाऊ द्यायचे. गुंगीतला माणूस कमी बोलतो आणि तो कमीपणा नैराश्याच्या नावावर जमा होतो. नव्या परीक्षकांना एकच मुलाखत दाखवून गुण वेगवेगळे लिहायला लावतो. फरक पडतो तो बहुधा दिसणारं दुःख आणि सांगितलेलं दुःख या दोन बाबींत, कारण बघणारा पेशंटच्या शब्दांना चेहऱ्याचे गुण देऊन टाकतो.

दोन पद्धतींची तुलना करायची तर परीक्षकाला कुठली दिली ते कळता कामा नये. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात पेशंटच्या केसांत जेल वाळून पांढरी पापडी झालेली असते, कानशिलावर गोल लाल वण असतो. एका बाजूला वण, म्हणजे उत्तर मिळालंच. म्हणून परीक्षक भेटण्याआधी डोकं धुवायचं, दोन्ही कानशिलं आणि माथा सगळ्यांचाच सारखा पुसायचा, आणि मुलाखतीत सगळ्यांनाच टोपी. पेशंटने ‘इथे लावतात’ म्हणत हात डोक्याकडे नेऊ नये, हे त्याला आधी सांगून ठेवायचं. तरी काही जण नेतातच. शेवटी परीक्षकाला अंदाज विचारायचा आणि तो लिहून ठेवायचा. अंदाज निम्म्याहून फार जास्त वेळा खरे ठरले तर आंधळेपणा नावापुरताच राहिला. संशोधनाची संमती उपचाराच्या संमतीपासून वेगळी, आणि शक्यतो उपचार न करणाऱ्या माणसाने घेतलेली. ज्या डॉक्टरच्या हातात सुई आहे त्याला नाही म्हणणं पेशंटला जड जातं.

शेवटची खेप झाली की घरी जायची घाई सुरू होते, आणि हीच सगळ्यांत निसरडी जागा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ईसीटीने बऱ्या झालेल्यांना पुढे नुसती साखरेची गोळी दिली, तेव्हा सहा महिन्यांत ८४ टक्के पुन्हा आजारी पडले. नॉर्ट्रिप्टिलिन या नैराश्यावरच्या औषधावर ६० टक्के, नॉर्ट्रिप्टिलिन आणि लिथियम दोन्हींवर ३९ टक्के. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर औषधाबरोबर पुढच्या खेपांच्या तारखा असतात. आधी आठवड्याने एक अशा चार, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. त्याच कागदावर इलेक्ट्रोडची जागा, शेवटची वीज मिलिकूलोममध्ये, आकडीचे सेकंद, भुलेचा डोस, आणि सैल दाताची खूण. दोन वर्षांनी हाच पेशंट दुसऱ्या शहरात आजारी पडला तर तिथल्या डॉक्टरला मर्यादा नव्याने शोधत बसावं लागू नये.